चौरस तिरका केला तर चौरसच राहतो का? : भूमितीविषयी वाचकांचे प्रश्न

भूमितीच्या आरंभीच्या संज्ञांविषयी शंका पाठवाव्यात, असे आवाहन आम्ही बडोद्यातील वाचकांना केले होते. आलेल्या पत्रांत विद्यार्थ्यांइतकीच पत्रे आजी-आजोबांची आणि पालकांची आहेत, आणि ते स्वाभाविकही आहे. नातवंडांचा अभ्यास घेताना लहानपणी पाठ केलेली व्याख्या ओठांवर येते, पण ‘म्हणजे काय?’ असे समोरून विचारले गेले की अडखळायला होते. बहुतेक शंकांच्या मुळाशी एकच सवय दिसते, ती म्हणजे आकृती कशी दिसते यावरून तिचे नाव ठरवण्याची. भूमितीत नाव ठरते ते अटींवरून. एकाच आशयाची पत्रे येथे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझा नातू सहावीत आहे. बिंदूला लांबी, रुंदी, जाडी काहीच नसते, असे त्याच्या पुस्तकात आहे. मग पेन्सिलीने आपण वहीत जो काढतो तो काय? आणि रेषेला शेवट नसतो, तर ‘पाच सेंटिमीटरची रेषा काढा’ असे त्याला वर्गात कसे सांगतात? (एक आजी, दांडिया बाजार)

उत्तर : आपल्या दोन्ही शंका रास्त आहेत; दुसऱ्या शंकेत तर दोष नातवाचा नसून बोलण्यातील सैलपणाचा आहे. आधी बिंदू घेऊ. बिंदू म्हणजे जागेचा नेमका निर्देश, एवढेच. पेन्सिलीला कितीही टोक काढले तरी कागदावर उमटतो तो शिशाचा ठिपका, आणि भिंगातून पाहिल्यास त्या ठिपक्याला लांबी असते, रुंदी असते आणि वेडीवाकडी कडही असते. कोणती जागा अभिप्रेत आहे हे दाखवण्यापुरताच त्याचा उपयोग. ग्रीक गणिती युक्लिडने इ. स. पू. ३०० च्या सुमारास रचलेल्या ‘एलिमेंट्स’ या तेरा खंडांच्या ग्रंथात पहिलीच व्याख्या ‘ज्याला भाग नाहीत तो बिंदू’ अशी आहे आणि दुसरी ‘रुंदी नसलेली लांबी म्हणजे रेषा’ अशी आहे. ही वाक्ये ऐकायला चांगली वाटतात, पण पुढच्या सिद्धतांत त्यांचा फारसा उपयोग होत नाही, कारण ‘भाग’ आणि ‘रुंदी’ म्हणजे काय, हे त्याआधी कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी १८९९ मध्ये भूमितीची नव्याने मांडणी केली तेव्हा बिंदू, रेषा आणि प्रतल (सपाट पृष्ठभाग) यांची व्याख्या करण्याचा आग्रहच सोडून दिला आणि त्यांचे परस्परांशी नाते काय असते, तेवढे नियम सांगितले. शाळेच्या पुस्तकात या तिघांना मूलभूत संबोध म्हणतात, ते याच अर्थाने.

ते नियम साधेच आहेत. दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. एका बिंदूतून मात्र हव्या तितक्या रेषा काढता येतात. आणि एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जाते. या शेवटच्या नियमामुळेच तिवई खडबडीत फरशीवरही डुगडुगत नाही, आणि चार पायांच्या टेबलाखाली मात्र कागदाची घडी सारावी लागते.

आता ‘पाच सेंटिमीटरची रेषा’. रेषा दोन्ही बाजूंना अमर्याद असते, तेव्हा तिची लांबी मोजण्याचा प्रश्नच येत नाही. दोन टोके असलेला, मोजता येणारा जो तुकडा आपण पट्टीने काढतो तो रेषाखंड. एका बाजूला आरंभबिंदू आणि दुसऱ्या बाजूला शेवट नाही, तो किरण. वहीत ओळखण्याची खूण अशी, की रेषेच्या दोन्ही टोकांना बाण काढतात, किरणाच्या एकाच टोकाला काढतात आणि रेषाखंडाला काढतच नाहीत. नाव लिहिताना रेषाखंड अब आणि रेषाखंड बअ एकच. पण किरण अब हा अ पासून निघतो आणि किरण बअ हा ब पासून, म्हणून ते दोन वेगळे किरण होत. परीक्षेतील गुण बहुधा येथेच जातात, तेव्हा नातवाकडून एवढे घोटून घ्यावे.

प्रश्न : कोनमापकाने एकच कोन मोजला तर कधी ५० अंश येतो आणि कधी १३० अंश. तसेच भुजा लांब काढल्या तर कोन मोठा होतो का? (सातवीतील एक विद्यार्थी, कारेलीबाग)

उत्तर : दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करू. एकाच आरंभबिंदूपासून निघणाऱ्या दोन किरणांनी कोन होतो, आणि किरण मुळातच अमर्याद असल्याने तू वहीत ते किती लांब काढलेस याला महत्त्व नाही. मांडवीच्या चौकाचा विचार कर. तेथून चांपानेर दरवाज्याकडे जाणारा रस्ता आणि पाणीगेटकडे जाणारा रस्ता यांच्यात जवळजवळ काटकोन आहे. तू चार पावले चाललास किंवा थेट दरवाज्यापर्यंत गेलास, तरी मांडवीपाशी झालेला कोन तेवढाच राहतो. वाढते ते फक्त दोन रस्त्यांमधील अंतर. कोनाचे माप म्हणजे एका भुजेवरून दुसऱ्या भुजेवर येण्यासाठी किती वळावे लागते त्याचे माप. पूर्ण फेरीचे ३६० भाग करण्याची रीत साठाच्या पटीत मोजणाऱ्या प्राचीन बाबिलोनी ज्योतिष्यांपासून चालत आली आहे. त्यातील एक भाग म्हणजे एक अंश.

आता कोनमापक. त्याच्यावर अंकांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून शून्याने सुरू होणारी आणि दुसरी उजवीकडून. त्यामुळे प्रत्येक जागी असे दोन अंक येतात, की त्यांची बेरीज १८० होते, आणि ५० व १३० ही जोडी त्यांपैकीच एक आहे. कोनमापकाचा मध्यबिंदू कोनाच्या शिरोबिंदूवर (जेथे दोन भुजा मिळतात तेथे) आणि शून्याची रेषा एका भुजेवर ठेवल्यावर त्या भुजेपाशी ज्या ओळीचा शून्य आहे, तीच ओळ शेवटपर्यंत वाचायची. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे मोजण्याआधी डोळ्यांनी अंदाज घेणे : ९० अंशांपेक्षा लहान तो लघुकोन, बरोबर ९० चा काटकोन, ९० आणि १८० यांमधला विशालकोन, १८० चा सरळकोन आणि त्याहून मोठा पण ३६० पेक्षा लहान तो प्रविशालकोन. कोन लघुकोन दिसत असताना उत्तर १३० आले, तर चुकीची ओळ वाचली गेली आहे हे आपोआप कळते.

सरावासाठी एक : सयाजीबागेतील फुलांच्या घड्याळात साडेतीन वाजले असताना दोन काट्यांत किती अंशांचा कोन असेल? ९० म्हणण्याची घाई करू नकोस. अर्ध्या तासात तासकाटाही तीन आणि चार यांच्या मध्यावर, म्हणजे १५ अंश पुढे सरकलेला असतो, म्हणून कोन ७५ अंशांचा.

प्रश्न : कंपासपेटीत दोन त्रिकोणी गुण्ये असतात. मुले ते कधी वापरताना दिसत नाहीत. त्यांचा उपयोग काय? (एक पालक, फतेगंज)

उत्तर : एका गुण्याचे कोन ३०, ६० आणि ९० अंशांचे असतात, दुसऱ्याचे ४५, ४५ आणि ९० अंशांचे. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून १५, ७५, १०५ असे १५ च्या पटीतील कोन कोनमापकाशिवाय काढता येतात. खरा उपयोग मात्र समांतर रेषांसाठी : पट्टी घट्ट धरून तिच्या कडेने गुण्या सरकवत दुसऱ्या कडेने रेषा ओढत गेल्यास त्या सर्व समांतर येतात, कारण पट्टीशी होणारे संगत कोन (प्रत्येक रेषेचे पट्टीशी त्याच बाजूला होणारे कोन) प्रत्येक वेळी सारखेच राहतात. मुलांना कारण नंतर सांगावे. गुण्या आधी हातात द्यावा.

प्रश्न : उत्तरायणात घरी पतंग करतो तेव्हा कागद चौरस कापतो. तो कोपऱ्यावर उभा धरला की मुलगी म्हणते, हा आता चौरस नाही, ‘डायमंड’ झाला. कोणाचे बरोबर? शिवाय चौरसाला आयत म्हणता येते का, यावरही आमच्या घरी एकमत नाही. (एक पालक, वाडी)

उत्तर : बरोबर आपले. चौरसाच्या अटी दोनच आहेत : चारही भुजा समान आणि चारही कोन काटकोन. एक भुजा जमिनीला समांतर असावी, अशी अट कोठेही नाही. कागद फिरवल्याने भुजाही बदलत नाहीत आणि कोनही बदलत नाहीत, म्हणून तो चौरसच राहतो. पण मुलीला रागावू नका. पुस्तकांतून आणि फळ्यावरून चौरस नेहमी पायावर बसलेलाच दाखवतात, त्यामुळे ‘चौरस म्हणजे सरळ बसलेला’ ही जादाची अट मुले नकळत स्वतःच घालून घेतात. त्रिकोणाचेही तसेच होते. काटकोन डोक्याकडे आलेला त्रिकोण पाहिला की त्याला काटकोन त्रिकोण म्हणायला मुले कचरतात. वही हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवून दाखवणे, हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे.

‘डायमंड’ हे नाव पत्त्यांपुरते ठीक आहे. भूमितीत त्याजागी समभुज चौकोन म्हणतात. त्याची अट एकच, चारही भुजा समान. ही अट आपला कागद पुरी करतो, तेव्हा तो समभुज चौकोनही आहे. आयताची अटही एकच, चारही कोन काटकोन. तीही तो पुरी करतो, म्हणून प्रत्येक चौरस हा आयत असतो. उलट मात्र खरे नाही, कारण दहा बाय बारा फुटांची खोली आयत असली तरी चौरस नाही. (नातवंडे गुजराती माध्यमात असतील, तर त्यांच्या पुस्तकात आयताला लंबचोरस आणि विशालकोनाला गुरुकोण म्हटलेले दिसेल, अटी त्याच आहेत.) आयत, समभुज चौकोन आणि चौरस या तिघांच्याही समोरासमोरच्या भुजा समांतर असल्याने ते तिघेही समांतरभुज चौकोन आहेत.

घरातील दुसऱ्या पक्षाची बाजूही अगदीच लंगडी नाही. युक्लिडने आयताची व्याख्या करताना ‘काटकोन असलेला, पण समभुज नसलेला’ असे स्पष्ट म्हटले आहे आणि समभुज चौकोनाची करताना ‘समभुज, पण काटकोन नसलेला’ असे. म्हणजे त्याच्या मांडणीत चौरसाला दोन्ही घरांतून वगळलेले आहे. पुढच्या गणितींनी ही पद्धत सोडली, याचे कारण सोयीचे आहे. आयताचे कर्ण (समोरासमोरचे कोपरे जोडणारे रेषाखंड) समान असतात, हे एकदा सिद्ध केले आणि चौरस हा आयतच मानला, की चौरसासाठी तीच सिद्धता पुन्हा लिहावी लागत नाही. समभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना काटकोनात दुभागतात, हा गुणधर्मही चौरसाकडे असाच आयता येतो. समलंब चौकोनाच्या बाबतीत मात्र बहुतेक शालेय पुस्तके जुन्याच वळणाने जातात आणि ‘भुजांची एकच जोडी समांतर’ असे म्हणतात. म्हणून वाद घालण्यापूर्वी समोरच्या पुस्तकातील व्याख्या वाचावी, हे बरे.

आता पतंगाविषयी थोडे अधिक, कारण पतंग हे एका चौकोनाचेही नाव आहे. ज्याच्या लगतच्या भुजांच्या दोन जोड्या समान असतात तो पतंग, आणि त्याचा एक कर्ण दुसऱ्याला काटकोनात दुभागतो. आपला ढढ्ढा, म्हणजे पतंगाची उभी काडी, त्या उभ्या कर्णावरच चिकटवलेला असतो. कमान, म्हणजे वाकवलेली आडवी काडी, मात्र कर्णावर नसते. तिची टोके डाव्या-उजव्या कोपऱ्यांना बांधलेली असली तरी मधला भाग वाकून वर गेलेला असतो, म्हणजे कमान हा कंस होतो आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा सरळ आडवा कर्ण त्या कंसाची जीवा होते. किन्ना (मांजा जोडण्यासाठी पतंगाला बांधायचा दोरा) बांधताना वरचे भोक ढढ्ढा आणि कमान एकमेकांना छेदतात तेथे पाडतात. ती जागा कर्णांच्या छेदनबिंदूच्या बरीच वर असते. कागदाची घडी घालून दोन्ही कर्ण पाडा आणि मग काड्या लावा, म्हणजे हा फरक मुलीला स्वतःच दिसेल.

प्रश्न : मांजलपूरला आमच्या घराचे बांधकाम सुरू आहे. पाया आखताना गवंड्याने एका बाजूवर ३ फूट, दुसऱ्या बाजूवर ४ फूट खुणा केल्या, त्या खुणांमध्ये टेप धरून ५ फूट भरले आणि ‘काटकोन जमला’ म्हणून सांगितले. यात तथ्य किती? (एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : पूर्ण तथ्य आहे. काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरच्या भुजेलाही कर्ण म्हणतात, आणि कर्णाचा वर्ग इतर दोन भुजांच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, हे पायथागोरसचे प्रमेय. गवंड्याने वापरला तो त्याचा व्यत्यास : तीन भुजांत असे नाते असेल, तर मोठ्या भुजेसमोरचा कोन काटकोनच असतो. ३ चा वर्ग ९, ४ चा वर्ग १६, बेरीज २५, आणि ५ चा वर्गही २५. दोऱ्यांनी यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या बौधायन शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाविषयी हाच नियम दिलेला आहे.

माप फुटांतच असले पाहिजे असे नाही. मीटर घ्या किंवा हात घ्या, प्रमाण तेच हवे. मात्र गवंड्याला एक सुचवावे, की जागा असेल तर ६, ८ आणि १० फूट घ्यावेत. ३-४-५ फुटांत कर्ण मोजताना अर्ध्या इंचाची चूक झाली, तर कोन सुमारे एक अंशाने चुकतो, आणि एक अंश ऐकायला किरकोळ वाटला तरी वीस फुटांच्या भिंतीच्या टोकाला तो चार इंचांपेक्षा जास्त भरतो. ६-८-१० घेतल्यास तीच अर्ध्या इंचाची चूक कोनात निम्मीच उतरते.

खोली आखून झाल्यावर दोन्ही कर्ण मोजून पाहणे ही आणखी एक चांगली तपासणी. दहा बाय बाराच्या खोलीचा प्रत्येक कर्ण जवळजवळ १५ फूट साडेसात इंच यायला हवा. पण ‘कर्ण सारखे आले, म्हणजे आयत झाला’ एवढ्यावर थांबू नये, कारण ज्याच्या तिरप्या भुजा समान आहेत अशा समलंब चौकोनाचेही कर्ण समान असतात. समोरासमोरच्या भिंती सारख्या आणि शिवाय कर्ण सारखे, असे दोन्ही जमले तरच आयत.

जाता जाता ओळंब्याविषयी, म्हणजे भिंत उभी सरळ आहे का हे पाहण्याच्या वजन बांधलेल्या दोरीविषयी. दोन ओळंबे समांतर लोंबतात असे आपण धरतो, पण दोन्ही पृथ्वीच्या मध्याकडे रोखलेले असल्यामुळे काटेकोरपणे ते समांतर नसतात. साधारण ३१ मीटर अंतरावरील दोन ओळंब्यांत एका अंशाच्या ३,६०० व्या भागाइतका फरक असतो. घर बांधताना तो खुशाल विसरावा.

प्रश्न : दोन वाफ्यांना सारख्याच लांबीचे कुंपण लागले, तर त्यांची जागाही सारखीच ना? (एक वाचक, अलकापुरी)

उत्तर : नाही. कुंपणाची लांबी ही परिमिती, ती फुटांत मोजतात. आतली जागा हे क्षेत्रफळ, ते चौरस फुटांत. ४० फूट तारेत १० बाय १० चा वाफा केला, तर १०० चौरस फूट जागा मिळते, १५ बाय ५ केला तर ७५ आणि १९ बाय १ केला तर अवघी १९. तीच तार वर्तुळाकार लावली, तर मात्र सुमारे १२७ चौरस फूट मिळतात, आणि तेवढ्या तारेत याहून अधिक जागा कोणत्याही आकाराने मिळत नाही.

प्रश्न : ‘पाय’ची किंमत २२/७ खरी की ३.१४? आणि वर्तुळाचा केंद्रबिंदू वर्तुळावर असतो की नाही? वर्गात दोन मते पडली. (आठवीतील विद्यार्थिनी, सयाजीगंज)

उत्तर : केंद्रबिंदू वर्तुळावर नसतो. दिलेल्या बिंदूपासून समान अंतरावर असलेल्या प्रतलातील बिंदूंनी वर्तुळ बनते, म्हणजे वर्तुळ ही फक्त कड आहे. केंद्र तिच्या आत राहते. केंद्रापासून कडेपर्यंत त्रिज्या, कडेवरील दोन बिंदू जोडणारी जीवा, केंद्रातून जाणारी जीवा म्हणजे व्यास आणि कडेची लांबी म्हणजे परीघ. परिघाला व्यासाने भागले की वर्तुळ केवढेही असो, एकच संख्या येते, तीच ‘पाय’. २२/७ ही किंमत खऱ्या किमतीहून किंचित मोठी आहे आणि ३.१४ किंचित लहान. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला, म्हणजे ३.१४१६, आणि तोही ‘आसन्न’, म्हणजे जवळचा, असे स्वतःच नमूद केले. ही संख्या कोणत्याही अपूर्णांकाने नेमकी लिहिता येत नाही, हे १७६१ मध्ये गणिती लँबर्टने सिद्ध केले. व्यवहारात २२/७ फार सोयीची आहे. सयाजीबागेतील एखाद्या जुन्या झाडाच्या खोडाभोवती टेप गुंडाळून बघ. घेर ४४ इंच भरला, तर व्यास १४ इंच, करवत न लावता.

प्रश्न : त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश येते, हे मोजून दिसते. मग सिद्धता लिहायची कशाला? (नववीतील विद्यार्थी, रावपुरा)

उत्तर : मोजून नेहमी १८० येते का, ते आधी प्रामाणिकपणे पाहा. कोनमापकाने मोजलेली बेरीज पुष्कळदा १७९ येते किंवा १८१ येते, आणि ती १८० असायला हवी हे ठाऊक असल्यामुळे आपण एखादा अंश इकडेतिकडे करतो. शिवाय शंभर त्रिकोण मोजले तरी एकशेएकाव्याची खात्री मिळत नाही.

सिद्धता मात्र चार ओळींची आहे. त्रिकोण अबक घ्या आणि शिरोबिंदू अ मधून पाया बक ला समांतर रेषा काढा. आता अ पाशी तीन कोन शेजारी-शेजारी बसलेले दिसतील. मधला त्रिकोणाचाच कोन अ आहे. भुजा अब ही दोन समांतर रेषांची छेदिका, म्हणजे दोघींना छेदणारी रेषा, असल्यामुळे तिच्या बाजूचा कोन व्युत्क्रम कोन (समांतर रेषांच्या आत, छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना होणारे समान कोन) म्हणून ब इतका आहे, आणि त्याच कारणाने भुजा अक च्या बाजूचा कोन क इतका. तिघे मिळून एक सरळकोन भरतात, म्हणून बेरीज १८०. येथे कोणत्याही कोनाचे माप वापरलेले नाही, म्हणून ही सिद्धता प्रत्येक त्रिकोणाला लागू पडते.

सिद्धतेचा आणखी एक उपयोग असा, की निष्कर्ष कशाच्या आधारावर उभा आहे हे तिच्यातून कळते. येथे आधार समांतर रेषेचा आहे. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवापासून निघालेली दोन रेखावृत्ते घ्या, शून्य अंशाचे आणि ९० अंश पूर्वेचे, आणि तिसरी भुजा म्हणून त्यांच्यामधील विषुववृत्ताचा भाग घ्या. विषुववृत्तापाशी दोन काटकोन होतात आणि ध्रुवापाशी तिसरा, बेरीज २७०. गोलावर सरळ वाटेच्या जागी येणारी कोणतीही दोन मोठी वर्तुळे एकमेकांना छेदतातच, त्यामुळे तेथे समांतर रेषा मिळत नाही आणि वरची सिद्धता पहिल्याच पायरीवर अडते. तेव्हा उत्तरपत्रिकेत हे प्रमेय लिहिताना ‘प्रतलावरील त्रिकोण’ असे म्हणावे, आणि समांतर रेषा काढल्याची पायरी कधीही गाळू नये.